जुन्या स्पोर्ट्स कारच्या कूलिंगमधला गायब सेन्सर कसा ओळखावा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत एखादी जुनी स्पोर्ट्स कार आपल्या हातात येते, तेव्हा ती बहुधा अनेक मालक आणि त्याहून अधिक गॅरेज पाहून आलेली असते. गाडी पोर्शे ९४४ असो, पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ असो, टोयोटा एमआर२ असो किंवा गोव्यात तयार झालेली, रेनोचे ११४९ सीसी इंजिन असलेली सॅन स्टॉर्म असो, इंजिनावरचे झाकण उघडल्यावर पुष्कळदा एकच प्रकार आढळतो. थर्मोस्टॅटच्या (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगवर किंवा सिलिंडर हेडवर जिथे सेन्सर असायला हवा तिथे साधा बोल्ट आवळलेला असतो, आणि जवळच टेप गुंडाळलेला एखादा कपलर, म्हणजे वायरीच्या टोकाचा जोड, हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, बांधून ठेवलेला असतो.

सेन्सर आपोआप गळून पडत नाही. तो कोणीतरी काढलेला असतो आणि त्यामागे त्या वेळेपुरते एक कारण असते. फॅन स्विच निकामी झाला, मूळ भाग मिळाला नाही, म्हणून वायरमनने रेडिएटरचा पंखा थेट इग्निशनवर जोडून दिला, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत पंखा 'डायरेक्ट' केला. सेन्सरच्या आट्यांतून कूलंट गळत होते, म्हणून तिथे बोल्ट मारला. इंजिन बदलले आणि नव्या हेडवर जागा वेगळ्या निघाल्या, म्हणून एक वायर मोकळी राहिली. ही तात्पुरती सोय पुढे कायमची झाली आणि ती का केली हे सांगणारा माणूस आता सापडत नाही. म्हणून गाडीकडूनच उत्तर काढून घ्यावे लागते. ते काढण्याचा भरवशाचा मार्ग मला एकच दिसतो: रिकामे भोक, मोकळी वायर आणि त्या वायरीचे विद्युत वर्तन या तिघांची साक्ष जुळली पाहिजे. दोनच जुळत असतील तर सुटा भाग विकत घेण्याची वेळ अजून आलेली नाही.

कूलिंगमध्ये सेन्सर एकच नसतो

'टेम्परेचर सेन्सर नाही' एवढे निदान अपुरे आहे, कारण १९७० ते १९९५ च्या दरम्यानच्या स्पोर्ट्स कारमध्ये कूलंटचे तापमान पाहणारे तीन ते सहा वेगवेगळे भाग असू शकतात आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

पहिला भाग डॅशबोर्डवरच्या काट्यासाठी असतो. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला टेम्परेचर बल्ब किंवा सेंडर म्हणतात. त्याला बहुधा एकच वायर असते आणि अर्थिंग त्याला स्वतःच्या धातूच्या अंगातून, इंजिनामार्फत मिळते. दुसरा भाग इंजिनाच्या ईसीयूला, म्हणजे पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या संगणकाला, तापमान कळवतो. त्याला दोन वायरी असतात आणि आत तापमान वाढेल तसा रोध कमी होणारा घटक असतो. तिसरा भाग रेडिएटरच्या पंख्याचा स्विच होय. तो तापमान मोजत नाही, ठरावीक तापमानाला सर्किट जोडतो किंवा तोडतो. चौथा भाग बॉशच्या के-जेट्रॉनिक आणि एल-जेट्रॉनिक इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत आढळणारा थर्मो-टाइम स्विच. थंड इंजिनाला स्टार्टर मारताना जादा पेट्रोल सोडणाऱ्या कोल्ड स्टार्ट इंजेक्टरला तो काही सेकंदांपुरते चालू देतो. याखेरीज कूलंटची पातळी पाहणारा टाकीतला स्विच, इंजिन फार तापल्यास एसी बंद करणारा स्विच आणि केवळ दिवा लावणारा धोक्याचा स्विच हेही काही गाड्यांत असतात.

काही गाड्यांचे वेगळेपण आधीच माहीत असलेले बरे. पोर्शे ९४४ टर्बोमध्ये इंजिन बंद झाल्यावरही टर्बोभोवती पाणी फिरवणारा विजेवरचा वेगळा पंप असतो. मध्यभागी इंजिन असलेल्या एमआर२मध्ये रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असते, शिवाय इंजिनाच्या कप्प्यातली गरम हवा बाहेर काढणारा स्वतंत्र पंखाही आढळतो. याउलट सुरुवातीच्या एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश गाडीत तापमानाच्या काट्याला वायर नसतेच. बारीक तांब्याची नळी हेडपासून डॅशबोर्डपर्यंत जाते आणि तिच्या टोकाचा बल्ब तापला की काटा हलतो. अशा गाडीत काट्याची वायर शोधत बसण्यात अर्थ नाही.

गाडी काय करते हे आधी पाहावे

हात लावण्यापूर्वी गाडी दोन वेगळ्या रस्त्यांवर चालवून पाहावी, मात्र काट्यावर नजर ठेवून, आणि काटाच चालत नसेल तर अजिबात न चालवता. रिकाम्या पाम बीच रोडवर ठरावीक वेगाने जाताना समोरून येणारी हवा रेडिएटरला पुरते आणि पंखा चालत नसला तरी तापमान बहुधा ताब्यात राहते. तीच गाडी संध्याकाळी घोडबंदर रोडला, कापूरबावडीपासून पुढे थांबत-थांबत सरकू लागली की काटा चढायला लागतो. वेगात थंड आणि गर्दीत गरम, हा फॅन स्विच किंवा पंख्याच्या सर्किटकडे बोट दाखवणारा पुरावा आहे. या उलट, गर्दीत ठीक आणि मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की गरम, असे होत असेल तर दोष सेन्सरचा असण्याची शक्यता कमी असते. तिथे चोक झालेला रेडिएटर, पाण्याचा पंप किंवा थर्मोस्टॅट पाहावा.

ईसीयूचा सेन्सर नसेल तर लक्षणे वेगळी असतात. तुटलेले सर्किट ईसीयूला शून्याखाली सुमारे चाळीस अंशांच्या कडाक्याच्या थंडीसारखे दिसते. जुने ईसीयू त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवतात, त्यामुळे काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास, काजळीने काळे झालेले प्लग आणि गरम इंजिन पुन्हा सुरू करताना त्रास ही सर्व लक्षणे एकत्र दिसतात. नंतरच्या काळातले ईसीयू सेन्सर गेल्याचे ओळखून स्वतःच एक तापमान गृहीत धरतात, तेव्हा गाडी बरी चालते, फक्त थंड असताना अडखळते.

थर्मो-टाइम स्विचबाबत आपल्या हवामानाचा एक परिणाम लक्षात ठेवावा. या स्विचवर बहुधा तापमान आणि सेकंद कोरलेले असतात, उदाहरणार्थ ३५ अंश आणि ८ सेकंद. ठाण्यात मे महिन्यात रात्रभर उभी राहिलेली गाडीही सकाळी तीस अंशांच्या आसपास असते, म्हणून हा स्विच जवळजवळ निष्क्रिय राहतो आणि तो गायब असल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. जानेवारीतल्या गार पहाटे येऊरच्या बाजूला उभी असलेली गाडी सुरू व्हायला खळखळ करू लागली तरच त्याचा पत्ता लागतो. त्यामुळे 'गाडी तर मस्त सुरू होते' हे उन्हाळ्यातले निरीक्षण पुरावा म्हणून धरू नये.

कागद, चॅसी नंबर आणि बाजारपेठ

आरसी बुकवरचा चॅसी नंबर आणि इंजिनावर कोरलेला नंबर दोन्ही लिहून घ्यावेत आणि ते एकमेकांशी व कागदाशी जुळतात का ते पाहावे. इंजिन बदललेले असेल तर हार्नेस एका वर्षाचा आणि हेड दुसऱ्या वर्षाचे असू शकते, आणि मग हरवले काहीच नसताना एक वायर मोकळी दिसते. त्यानंतर त्याच वर्षाचे आणि त्याच बाजारपेठेचे वर्कशॉप मॅन्युअल मिळवावे. जपानी घरगुती बाजार, आखाती देश, युरोप आणि अमेरिका यांच्यासाठी तयार झालेल्या एकाच मॉडेलच्या वायरिंगमध्ये फरक असतात. मॅन्युअलमधला वायरिंगचा नकाशा आणि सुट्या भागांच्या कॅटलॉगमधले चित्र अशी दोन्ही पाने छापून घ्यावीत, कारण नकाशात भाग कुठे बसतो ते दिसत नाही आणि चित्रात वायर कुठे जाते ते दिसत नाही.

भोक शोधणे

हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करावे. इग्निशन बंद असले तरी काही गाड्यांत, विशेषतः जर्मन गाड्यांत, पंखा थेट बॅटरीवर असतो आणि इंजिन गरम असेल तर केव्हाही फिरू लागतो. म्हणून पाहणी सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवावी. रेडिएटरचे झाकण कोमट इंजिनावरही उघडू नये.

जुन्या तेलाच्या आणि धुळीच्या थराखाली सेन्सर, बोल्ट आणि कारखान्यातूनच आलेला डमी प्लग सारखेच दिसतात. त्यामुळे आधी ब्रश आणि डिग्रीजरने थर्मोस्टॅट हाउसिंग, हेडचे पुढचे आणि मागचे टोक, इनटेक मॅनिफोल्डखालचा भाग, पाण्याचे लोखंडी पाइप आणि रेडिएटरच्या टाक्या स्वच्छ कराव्यात. पाण्याचा जोरदार फवारा मात्र कपलरवर मारू नये. मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात कूलंटच्या मार्गावरचे प्रत्येक भोक कागदावर मांडावे. त्यात काय बसलेले आहे, त्याला किती पिना आहेत, त्यावर काही कोरले आहे का, हे सगळे टिपावे. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५च्या १.६ लिटर इंजिनात पंख्याचा स्विच पुढे थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर असतो, तर ईसीयूचा दोन वायरींचा सेन्सर आणि काट्याचा एक वायरीचा सेंडर इंजिनाच्या मागच्या टोकाला, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) बाजूला असतात. पुढून पाहणाऱ्याला मागचे दोन्ही दिसत नाहीत आणि ते नाहीतच असा समज होतो. छोटा आरसा आणि टॉर्च याशिवाय ही पाहणी पूर्ण होत नाही.

बोल्ट मारलेले भोक सापडले म्हणजे उत्तर सापडले असे नव्हे. एकाच साच्यातून निघालेले हेड अनेक मॉडेलमध्ये वापरले जाते, त्यामुळे आपल्या मॉडेलला न लागणारी भोके कारखान्यातच बंद केलेली असतात. कारखान्याचा प्लग बहुधा नीट बसलेला, ॲलन कीच्या खाचेचा किंवा खाली बरोबर मापाचा वायसर असलेला असतो. नंतर मारलेल्या बोल्टभोवती टेफ्लॉन टेपचे तुकडे, सिलिकॉनचा थर किंवा वाळलेल्या कूलंटचे पांढरे-हिरवे ओघळ दिसतात आणि षटकोनी डोक्याच्या कडा पान्याने झिजलेल्या असतात. होज पाइपमध्ये कापून बसवलेला धातूचा टी दिसला तर तिथे कोणीतरी बाहेरचा सेन्सर लावला होता, असे समजावे.

वायर शोधणे

कारखान्याने तयार केलेल्या हार्नेसमधून वायर जिथे बाहेर पडते, तिथपासून कपलरपर्यंतची लांबी ही सेन्सरच्या जागेइतकीच असते, फार तर बोटभर जास्त. म्हणून टेप आणि झिप-टाय सोडवल्यावर वायर ओढू नये, तिला मोकळी सोडावी. तीस वर्षे उष्णतेत एका वळणात राहिलेली वायर कडक होते आणि मोकळी केल्यावर पूर्वीच्याच वळणात जाऊन थांबते. ती ज्या भोकाकडे वळते तेच तिचे भोक असण्याची शक्यता मोठी असते. ती एकाही भोकापर्यंत पोहोचत नसेल, तर बहुधा ती कूलिंगची वायरच नाही. एसी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा वेगळ्या बाजारपेठेच्या उपकरणासाठी कारखान्याने ठेवलेली, कधीच न वापरलेली वायर असते. तिचा कपलर आतून चकचकीत असतो. वापरलेल्या कपलरच्या पिनांवर मात्र घासल्याच्या खुणा असतात आणि आपल्या खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत उघड्या राहिलेल्या पिनांवर हिरवा गंज चढलेला असतो. वाशी, नेरूळ किंवा कोपरी परिसरात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हा गंज मी फार पाहिला आहे, आणि पुढची मापे घेण्यापूर्वी तो काँटॅक्ट क्लीनरने काढलाच पाहिजे.

रंगांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. जर्मन गाड्यांत तपकिरी वायर म्हणजे अर्थिंग, लाल म्हणजे थेट बॅटरी आणि काळी म्हणजे बहुधा इग्निशन. जपानी गाड्यांत काळी वायर बहुधा अर्थिंग असते. ब्रिटिश लुकास वायरिंगमध्ये तर तपकिरी वायर म्हणजे फ्यूजशिवाय थेट बॅटरी, काळी म्हणजे अर्थिंग, आणि तापमानाच्या काट्याची वायर हिरव्यावर निळी रेघ असलेली. पोर्शेवर काम करणाऱ्या वायरमनने त्याच सवयीने एमजीची तपकिरी वायर अर्थिंग समजून बॉडीला लावली, तर वायरिंगला आग लागू शकते. रंगावरून अंदाज करावा, निर्णय मात्र मीटरवरूनच घ्यावा.

कपलरवरची मापे

आता बॅटरी पुन्हा जोडून मुख्य तपासणी करावी. यासाठी डिजिटल मल्टिमीटर हवा, वायरमनच्या खिशातला दिव्याचा टेस्टर नव्हे. दिव्याचा टेस्टर जितका करंट ओढतो तितका ईसीयूच्या नाजूक सर्किटला पेलेलच असे नाही. अनोळखी पिनेला बाहेरून बारा व्होल्ट देऊन पाहणे तर कधीही करू नये. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला पक्की लावावी आणि इंजिन सुरू न करता इग्निशन ऑन करावे.

दोन पिनांपैकी एकीवर पाच व्होल्टच्या आसपास व्होल्टेज दिसले आणि दुसरी जवळजवळ शून्य असली, तर ही ईसीयूच्या सेन्सरची वायर होय. खात्री करून घेण्याचा एक सुरेख मार्ग आहे. लॅमिंग्टन रोडवर किंवा कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे ३३० ओहम आणि २.२ किलोओहमचे दोन साधे रेझिस्टर घ्यावेत. बॉशचा सर्वसामान्य सेन्सर ८० अंशांना सुमारे ३२० ओहम आणि २० अंशांना सुमारे २.५ किलोओहम दाखवतो, जपानी सेन्सरही याच आसपास असतात. इंजिन चालवून गरम करावे, बंद करून कपलरच्या दोन पिनांमध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर लावावा आणि पुन्हा सुरू करावे. काळा धूर थांबला आणि आयडलिंग सुधारले, तर गायब सेन्सर ईसीयूचाच आहे हे सिद्ध झाले. त्याच गरम इंजिनाला २.२ किलोओहम लावल्यावर मिश्रण पुन्हा जाड झाले, म्हणजे पेट्रोल वाढले, तर शंकेला जागाच उरत नाही. हा प्रयोग केवळ तपासणीपुरता आहे. रेझिस्टर कायमचा लावून गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे इंजिनाला सतत खोटे सांगत राहणे होय. इंजिन चालू ठेवायचे असेल तर ते सोसायटीच्या बंदिस्त स्टिल्ट पार्किंगमध्ये न ठेवता उघड्यावर करावे.

एकच वायर असेल आणि तिच्यावर बॅटरीइतके किंवा त्याहून थोडे कमी व्होल्टेज असेल, तर ती काट्याची किंवा धोक्याच्या दिव्याची असू शकते. जुन्या स्मिथ्स मीटरमध्ये सरासरी दहा व्होल्ट देणारा स्टॅबिलायझर असतो आणि तो सतत चालू-बंद होतो, म्हणून मल्टिमीटरवरचा आकडा उड्या मारताना दिसतो. ते मीटर बिघडल्याचे लक्षण नाही. ही वायर थेट बॉडीला टेकवण्याची पद्धत गॅरेजमध्ये रूढ आहे. तिने काटा झटक्यात टोकाला जातो आणि नाजूक जुना मीटर दुखावू शकतो. त्याऐवजी १०० ओहमचा, दोन-तीन वॅटचा रेझिस्टर मध्ये घेऊन वायर अर्थिंगला लावावी. काटा हळूहळू वर सरकला तर ती काट्याची वायर. काटा हलला नाही आणि डॅशबोर्डवरचा दिवाही लागला नाही, तर रेझिस्टर काढून क्षणभर थेट अर्थिंग द्यावे. धोक्याचा दिवा उजळला तर वायर त्याची.

दोन जाड वायरींचा कपलर असेल आणि एकीवर इग्निशन बंद असतानाही बारा व्होल्ट असतील, तर तो पंख्याचा स्विच असण्याची दाट शक्यता आहे. दोन्ही पिना फ्यूज लावलेल्या जाड वायरने क्षणभर जोडल्या की पंखा फिरला पाहिजे. तीन पिनांचा कपलर पंख्याच्या दोन वेगांसाठी असतो. जपानी गाड्यांत बहुधा स्विच रिलेला (पंख्याचा मोठा करंट जोडणाऱ्या विजेवरच्या स्विचला) अर्थिंग देतो, त्यामुळे तिथे वायरी बारीक असतात. एमएक्स-५च्या १.६ लिटर इंजिनात यासाठी कपलरपर्यंत जाण्याचीही गरज नाही. डायग्नोसिसच्या डबीत टीएफए आणि जीएनडी या दोन पिना जोडून इग्निशन ऑन केल्यास पंखा चालू होतो, आणि तो झाला तर रिले, फ्यूज आणि मोटर ठीक असून दोष स्विचचा किंवा त्याच्या वायरीचा आहे हे एका क्षणात कळते.

स्विच गायब असूनही पंखा इग्निशनबरोबर आपोआप फिरत असेल, तर तो बहुधा डायरेक्ट केलेला आहे. मात्र एमआर२सारख्या टोयोटा गाड्यांत स्विच गरम झाल्यावर सर्किट तोडतो, म्हणून तिथे स्विचची वायर मोकळी असली तरी पंखा फिरतो. अशा वेळी वायरमनने टाकलेली नवी वायर शोधून ती कुठून सुरू होते आणि मूळ वायरीला कुठे छेद देते हे कागदावर काढावे. नवा स्विच बसवूनही ही वायर राहिली, तर स्विच असून नसल्यासारखा होईल.

कोणत्याही पिनेवर काहीच मिळत नसेल, तर सहकाऱ्याला स्टार्टर मारायला सांगावे, आणि तत्पूर्वी इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलचे प्राथमिक कनेक्शन काढून ठेवावे. व्होल्टेज फक्त स्टार्टर फिरत असतानाच येत असेल, तर तो थर्मो-टाइम स्विचचा कपलर होय. तरीही काही आले नाही तर फ्यूज पाहावेत, आणि मग मीटर कंटिन्युइटीवर ठेवून नकाशात दाखवलेल्या ईसीयूच्या किंवा रिलेच्या पिनेपर्यंत वायर अखंड आहे का ते तपासावे. हे करताना ईसीयूचा कपलर काढलेला असावा आणि बॅटरी सुटी असावी. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये नवलाच्या राहिलेल्या नाहीत.

आटे आणि सुटा भाग

भोक, वायर आणि वर्तन जुळले की सुट्या भागाचा क्रमांक कॅटलॉगमधून काढावा. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून किंवा परदेशातून भाग मागवण्यापूर्वी भोकाचे आटे मोजून घ्यावेत, कारण मधल्या काळात कोणीतरी ते बदलले असण्याची शक्यता असते. व्हर्निअर आणि थ्रेड गेज एवढे पुरेसे आहे. बॉशच्या ईसीयू सेन्सरला बहुधा एम१२ बाय १.५ (म्हणजे व्यास १२ मिलिमीटर आणि दोन आट्यांतले अंतर १.५ मिलिमीटर), आणि जर्मन रेडिएटरवरच्या फॅन स्विचला एम२२ बाय १.५ असे आटे असतात. जपानी काट्याच्या सेंडरला बहुधा एक-अष्टमांश इंचाचे निमुळते आटे असतात, आणि इथेच मोठी गफलत होते. एक-अष्टमांश बीएसपीचा (पाइपच्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचा) बाहेरचा व्यास सुमारे ९.७ मिलिमीटर आणि एम१० बाय १चा सुमारे १० मिलिमीटर. दोन फेरे दोन्ही सहज फिरतात आणि तिसऱ्या फेऱ्याला ॲल्युमिनियमचे आटे सोलले जातात. अमेरिकी एनपीटी (पाइपचे अमेरिकी मापाचे निमुळते आटे) आणि ब्रिटिश निमुळते आटेही असेच फसवतात, कारण या मापाला एकात इंचाला २७ आणि दुसऱ्यात २८ फेरे असतात. योग्य सेन्सर हाताने, पान्याविना, किमान तीन-चार फेरे सहज गेला पाहिजे. भोकात मारलेला बोल्ट मोजून त्यावरून माप ठरवू नये, कारण तो जबरदस्तीने बसवलेला असू शकतो.

आटे खराब निघाले तर वागळे इस्टेट, रबाळे किंवा महापे एमआयडीसीतल्या चांगल्या लेथवाल्याकडून हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसणारी तारेची नवी आट्यांची गुंडाळी) बसवून घ्यावे, किंवा योग्य मापाचा पितळी अडॅप्टर करून घ्यावा. अडॅप्टर लांब झाला तर सेन्सरचे टोक वाहत्या कूलंटपर्यंत पोहोचत नाही आणि नवा सेन्सरही चुकीचे तापमान सांगतो, म्हणून मूळ भागाची आत जाणारी लांबी रेखाटून त्याच्यासमोर ठेवावी.

भाग हाती आल्यावर बसवण्यापूर्वी तपासावा. मॅन्युअलमधला आकडा २० अंशांचा असतो आणि आपल्या घरात तीस अंश असतात. त्यामुळे २.५ किलोओहमचा बॉश सेन्सर टेबलावर सुमारे १.७ किलोओहम दाखवतो, आणि तो बरोबर असतो. ठाणे समुद्रसपाटीलगत असल्याने इथे उकळते पाणी जवळजवळ १०० अंशांचे असते. त्यात टोक बुडवल्यावर हाच सेन्सर सुमारे १९० ओहमवर आला पाहिजे. फॅन स्विचवर ९५ आणि ९० असे दोन आकडे कोरलेले असतील, तर तो ९५ ला जोडतो आणि ९० ला सोडतो. पातेल्यात थर्मामीटर ठेवून, वायरी पिनांना लावून हे प्रत्यक्ष पाहावे. काट्याचा सेंडर थंड असताना काही शे ओहम आणि गरम असताना काही दशक ओहम दाखवतो. त्याचे नेमके आकडे मीटरच्या कंपनीनुसार बदलतात, म्हणून तो आपल्याच गाडीच्या क्रमांकाचा हवा.

बसवणे आणि पडताळणी

बोल्ट काढण्यापूर्वी कूलंट स्वच्छ भांड्यात उतरवावे. एथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि विषारी असते आणि पार्किंगमध्ये सांडलेले कुत्री-मांजरे चाटतात, त्यामुळे फरशी लगेच धुवावी. सरळ आट्यांच्या सेन्सरला नवा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर लावावा. एक वायरीच्या सेंडरला टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, कारण त्याचे अर्थिंगच आट्यांतून जाते. निमुळत्या आट्यांना सीलंटचा अगदी पातळ लेप पुरतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपेक्षा अधिक आवळल्यास ॲल्युमिनियमचे हेड खराब होते.

नंतर हीटर पूर्ण गरमवर ठेवून कूलंट भरावे आणि हवा काढावी. ९४४मध्ये इंजिनाच्या पुढच्या पाण्याच्या आउटलेटवर हवा काढण्याचा स्क्रू असतो. एमआर२मध्ये पुढून मागे जाणाऱ्या लांब पाइपांत हवा अडकते, म्हणून तिथे मॅन्युअलमध्ये दिलेला क्रम काटेकोरपणे पाळावा. सेन्सरच्या टोकाभोवती हवेचा फुगा राहिला, तर इंजिन तापत असताना तो थंडच असल्याचे सांगत राहील.

गाडी जागेवर सुरू ठेवून इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅट हाउसिंग आणि रेडिएटरची वरची टाकी पाहत राहावे. थर्मोस्टॅटवर कोरलेल्या तापमानाला वरचा पाइप एकदम गरम झाला पाहिजे, त्यापुढे स्विचच्या तापमानाला पंखा सुरू होऊन काही वेळाने आपोआप थांबला पाहिजे. ईसीयूच्या सेन्सरच्या वायरीवर मागून मीटरची पिन लावल्यास थंड इंजिनाला दोन-तीन व्होल्ट आणि पूर्ण गरम इंजिनाला एक व्होल्टच्या खाली असा उतरता आकडा, मध्ये न अडखळता, दिसावा. काटा साठ-पासष्ट अंशांच्या वर जातच नसेल तर नव्या सेन्सरला दोष देण्यापूर्वी हाउसिंग उघडून थर्मोस्टॅट आत आहे का ते पाहावे. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि अशा इंजिनात ईसीयू कायम थंड इंजिनाचे पेट्रोल देत राहतो.

हे सर्व बरोबर आल्यावरच पंख्याची डायरेक्ट वायर कायमची काढावी. तिचे दोन्ही टोकांचे जोड उघडून मूळ वायर सोल्डर करून श्रिंक ट्यूबने झाकावी. गाडी दोन-चार दिवस ठाणे-बेलापूर रोडच्या सिग्नलांवरून चालवल्यानंतर, इंजिन थंड असताना कूलंटची पातळी पुन्हा पाहावी, नव्या सेन्सरभोवती ओलावा नाही ना ते कोरड्या कापडाने तपासावे, आणि भागाचा क्रमांक, आट्यांचे माप व वायरींचे रंग गाडीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावेत.